कलिंगडातल्या विटा

चौथी वीट फोडत होतो तेव्हा इलाही बोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

सकाळचे दहा वाजले असतील. एप्रिलातलं कोल्हापूरचं ऊन. पाचबोळ तालमीच्या मागच्या अंगणात आम्ही सतराजण गोल करून बसलेलो आणि मध्ये कलिंगडांचा ढीग. एकजण कलिंगडाची वरून टोपी कापायचा, दुसरा आतला गर काढायचा, तिसरा तो खायचा, आणि मी अर्धी वीट आत बसवून टोपी परत लावायचो. चार बाभळीचे काटे टोचले की टोपी जागची हलत नाही. तुम्हाला ही थाप वाटेल. वाटू दे. स्टेडियमच्या दारात पोलीस पिशव्या उलट्या करून बघायचे, हलग्या काढून घ्यायचे, उसाचं कांडकंसुद्धा आत सोडायचे नाहीत. पण अशा उन्हात माणसानं काखेत कलिंगड नेलं तर त्याला कोण काय बोलणार? युक्ती माझीच होती. दोन दिवस आमच्या गल्लीत कुणी भाजी चिरली नव्हती, सगळी कलिंगडावर.

इलाहीला बघून अंगणातल्या सुऱ्या थांबल्या. नऊ वर्षं पाचबोळचा गोलकीपर होता तो. त्याच अंगणात लहानाचा मोठा झालेला. आता पायात कंपनीचे पांढरे बूट होते आणि आत पाऊल टाकायचं धाडस होत नव्हतं.

"दत्त्या, जरा भाईर ये."

"आत या की साहेब," बज्या मेढे म्हणाला. बज्याचा दुधाचा धंदा होता आणि मान म्हशीएवढीच होती. आमच्या गॅलरीचा तो सेनापती. "का आत यायला कंपनीची परवानगी लागती?"

सगळे हसले. इलाही हसला नाही आणि चिडलाही नाही. मी हात झटकून बाहेर गेलो.

बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगतो. आमच्याकडं फुटबॉलची टीम ही तालमीची असते, म्हणजे गल्लीची, म्हणजे घरातलीच. मॅचच्या आदल्या दिवशी अकरा जर्सी तालमीच्या मारुतीपुढं ठेवायच्या आणि प्रत्येकानं अनवाणी जाऊन आपापली उचलायची. मोहरमात त्याच कट्ट्यावर पंजा बसतो, त्यामुळं इलाहीची जर्सी आणि माझ्या चुलत्याची जर्सी एकाच तेलाच्या डागाची. पाचबोळचा रंग चॉकलेटी आणि पांढरा. आणि एके वर्षी पुण्याची सोनकिरण पाईप कंपनी गावाबाहेर कारखाना टाकते काय, सोनकिरण एफ.सी. नावाची टीम काढते काय, आणि आमचे पाच खेळाडू उचलते काय! त्यांच्या जर्सी प्लास्टिकच्या पिशवीतून यायच्या. निळ्या, आणि छातीवर पाईपचं चित्र. एफ.सी. म्हणजे काय ते आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. बज्या म्हणायचा, फुकटे चोर. त्यांच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांना नंबर, आणि कर्ण्यावर एक बाई सांगायची, आता टाळ्या वाजवा. टाळ्या कधी वाजवायच्या हे पाचबोळला सांगणारी!

बाहेर नळापाशी इलाहीनं तोंडावर पाणी मारलं.

"आज पुण्यासनं मालक येणारायत मॅचला," तो म्हणाला. "मॅच शांततेत झाली तर टीम हितंच राहणार. सोमवारी आमा पाचांस्नी कारखान्यात कायम केल्याची पत्रं. दंगा झाला तर टीम उचलून पुण्याला, तिथली पोरं घेणार, आमी घरी."

"बरं मग?"

"क्वार्टर मिळणाराय, दत्त्या. दोन खोल्या, सैपाकघरात नळ. शमीम खिडक्यांची मापं घिऊन आलीया."

त्याचं घर मला माहीत होतं. दीड खोली, त्यात नऊ माणसं, आणि दारात बापाचं कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं चाक. इलाही-शमीमचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि नवराबायकोचं भांडणसुद्धा मोकळेपणानं होत नव्हतं, कुणाला ना कुणाला मध्येच उठून पाणी प्यायचं असायचं.

"मी काय करू?"

"पोरांस्नी तू चढवलंयस. तूच उतरव."

मी उगाच नळ बंद करत राहिलो. तो आधीच बंद होता.

चढवलं होतं मीच. आठ दिवसांमागं कट्ट्यावर बसून सांगितलं होतं, कंपनीच्या हापिसात गेलो होतो, दारात पायपुसणं काय टाकलंय ठाऊक आहे? आपली जर्सी. चॉकलेटी-पांढरी, दहा नंबरची. साहेब लोक येतात, बूट पुसतात, आत जातात. खरं तर मी हापिसात गेलोच नव्हतो. वॉचमननं मला गेटावरूनच परत लावला होता, त्याचाच राग होता. आणि दुसराही एक होता. इलाही तालीम सोडून चाललाय हे मला पेपरात वाचून कळलं होतं. दुसरीपासून एका बाकावर बसलेलो आम्ही, आणि मला पेपरात कळतंय.

"ते पायपुसण्याचं खरं हाय काय?" इलाहीनं विचारलं.

मी त्याच्या पांढऱ्या बुटांकडं बघत म्हणालो, "न्हाई."

"वाटलंच मला. दहा नंबर म्हणालास न्हवं? आकडा घातल्याबिगार तुला थाप मारताच येत न्हाई." तो जायला वळला, आणि वळता वळता थांबला. "दत्त्या, तुला आधी सांगायला पायजे होतं मी. सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस, म्हणून न्हाई सांगितलं."

तो गेला. मी अंगणात परत आलो आणि आयुष्यात पहिल्यांदाच भर चारचौघांत खरं बोललो.

"गड्यांनो, ते पायपुसण्याचं खोटं होतं. मीच रचलं. मी हापिसात गेलोच नव्हतो."

मग असा हशा पिकला की एकाच्या नाकातून कलिंगडाची बी बाहेर आली.

"इलाह्यानं काय दिलं रं तुला?" बज्या म्हणाला.

"काय न्हाई दिलं. मारुतीची शपथ."

"बघा, शपथ घेतली. म्हणजे हमखास थाप."

"अरे मी सांगतोय की मी हापिसात गेलो नव्हतो!"

"तू गेला नसशील," कोपऱ्यातला एकजण म्हणाला, "मी गेलतो. मी सोता बगितलंय पायपुसणं." दुसरा म्हणाला, त्यानंही बघितलंय, आणि तो त्यावर पाय न देता पलीकडं उडी मारून गेला. तिसऱ्यानं तर त्यावरचा चिखल कोणत्या रंगाचा होता तेही सांगितलं. आठ दिवसांत माझ्या थापेला घरदार झालं होतं, लेकरंबाळं झाली होती, आणि मी बाप म्हणून सांगायला गेलो तर मला कुणी ओळखायला तयार नव्हतं.

कलिंगडं पोत्यात भरली गेली.

चार वाजताची मॅच. तीनलाच स्टेडियम फुलून गेलं. आमची गॅलरी गोलच्या मागं, उन्हात. कंपनीची बाजू सावलीत, नंबराच्या खुर्च्यांवर. पहिल्या रांगेत मालक, त्यांच्याशेजारी टीमचे मॅनेजर देवस्थळी. असल्या उकाड्यात गळ्यात टाय. मागच्या रांगेत खेळाडूंच्या बायका बसवल्या होत्या. त्यांत शमीम होती, नवी साडी नेसलेली, मांडीवर पर्स घट्ट धरून. गॅलरीत चढताना एका हवालदारानं बज्याच्या काखेतल्या कलिंगडावर टिचकी मारली.

"पिकलंय काय रे?"

"न्हाई अजून, साहेब," बज्या म्हणाला. "पाच वाजता पिकंल."

आसपासचे खुदखुदले. बेत असा होता की दुसऱ्या हाफात बज्यानं खांद्यावरचा पंचा काढून हलवला की कलिंगडं फुटायची. मी या पायरीवरून त्या पायरीवर, या माणसाकडून त्या माणसाकडं नुसता फिरत होतो. एकाला म्हणालो, लेका तुझ्या आईला बरं नाही, घरी जा. तो म्हणाला, आई हितंच हाय, त्या पायरीवर. दुसऱ्याला म्हणालो, साध्या वेशातले पन्नास पोलीस गॅलरीत बसलेत. त्यानं ती बातमी पुढं सांगितली आणि पाच मिनिटांत लोक एकमेकांची कॉलर धरून विचारायला लागले, तू पोलीस काय रं? आग विझवायला गेलो आणि पंख्यानं वारा घातला. दोन्ही टीम मैदानात आल्या. निळ्या जर्सीत इलाही लांब पलीकडच्या गोलकडं चालत गेला तेव्हा गॅलरीतून त्याच्या आईबापाचा असा उद्धार झाला की माझ्यासारख्यालाही त्यात भर घालता आली नसती.

तेव्हा मला कळलं की खरं खपत नाही आणि बारकी थाप पुरत नाही. मी बज्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि त्याच्या कानाला लागलो.

"बजाभाऊ, इलाही सकाळी का आलता सांगू? पण कुणाला बोलायचं न्हाई."

'कुणाला बोलायचं नाही' म्हटलं की गोष्टीला पाय फुटतात. हे मी सांगायला नको.

"बोल."

"तो गोल सोडणाराय. आपल्यासाठी. कंपनीचं मीठ खातोय पण रगात पाचबोळचं हाय, म्हणाला. नळापाशी रडला. म्हणाला, पोरांस्नी सांग, मला दगड मारू नका, मी तुमचाच हाय."

बज्याची म्हशीची मान हळूहळू माझ्याकडं वळली. "कदी सोडणार?"

"दुसऱ्या हाफात. सत्तराव्या मिनिटानंतर."

बज्यानं खांद्यावरचा पंचा काढला. मी त्याचा हात धरायला गेलो. त्यानं त्या पंच्यानं डोळे पुसले आणि तो परत खांद्यावर टाकला.

"आयला," तो म्हणाला, "आनि आमी त्याला काय काय बोललो."

चार मिनिटांत गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती गोष्ट पोचली. मी डोळ्यांनी बघत होतो. वाऱ्यानं ज्वारी वाकत जावी तशी डोकी एकमेकांकडं वाकत गेली. शिव्या थांबल्या. मग कुणीतरी ओरडलं, "इलाहीभाई, शाब्बास!" लांब पलीकडच्या गोलमध्ये इलाही चमकून बघायला लागला.

पहिल्या हाफात कंपनीनं एक गोल केला. केला आमच्याच माणसानं, कंपनीच्या जर्सीत. एरवी यावर स्टेडियम पेटलं असतं, पण आमची गॅलरी गालातल्या गालात हसत होती. आमच्या पिंटू बुचडेनं दोनदा जीव तोडून फटका मारला आणि दोन्ही वेळा इलाहीनं झेप घेऊन अडवला. प्रत्येक वेळी गॅलरीनं टाळ्या पिटल्या. "काय नाटक करतोय बघा," बज्या कौतुकानं म्हणाला. "सिनेमात पायजे होता हा."

मला पहिल्यांदाच जरा श्वास आला. हाफटाइमला मी शेंगा घेतल्या. शेंगवाला माझ्याकडचे सुटे घेऊन गॅलरीतून खाली उतरला, मैदानाच्या कडेनं चालत सावलीच्या बाजूला गेला आणि खुर्च्यांच्या रांगांतून हिंडायला लागला. देवस्थळींनी एक पुडा घेतला. शेंगवाला वाकून त्यांना काहीतरी सांगत होता. बराच वेळ सांगत होता. देवस्थळींनी शेंग तोंडाकडं नेली होती, ती तशीच हातात राहिली. मग त्यांनी मान वळवली आणि मालकांच्या कानाला लागले.

माझ्या तोंडातली शेंग कडू निघाली.

दुसऱ्या हाफात टीमनी बाजू बदलल्या आणि इलाही आमच्या गॅलरीसमोरच्या गोलमध्ये आला. इतका जवळ, की त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. साठ मिनिटं झाली. पासष्ट. सत्तराव्या मिनिटाला गॅलरी पुढं सरकून बसली. एक्काहत्तराव्याला पिंटूनं मोकळ्यात चेंडू धरला, खणखणीत मारला, आणि इलाहीनं बोटाच्या टोकानं तो बारच्या वरनं काढला. टाळ्या वाजल्या नाहीत. कॉर्नर झाला. पिंटू इलाहीच्या अगदी अंगाला खेटून उभा राहिला होता, ओठ हलताना मला दिसले. इलाहीनं झटक्यात मान वळवून त्याच्याकडं बघितलं. मग गॅलरीकडं. चेंडू आला, त्यानं उंच उडी मारून तो छातीशी धरला.

"दत्त्या, किती वाजले?" बज्यानं विचारलं.

"हुईल की. धीर धरा."

"सत्तर म्हणालास."

"म्हणजे सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान."

पंचाहत्तर झाली. आणखी एक फटका, आणखी एक झेप. मागच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं, "दोन्ही घरचं खातोय ह्यो." बज्यानं पायाखालचं कलिंगड उचलून मांडीवर घेतलं आणि बाभळीचे काटे एकेक करून उपटायला सुरुवात केली.

पंचा हलवायची वाट कुणी बघितलीच नाही. कंपनीचा एक बॅक होता, रोझारियो नावाचा, गोव्याचा. चेंडू आणायला तो कॉर्नरच्या झेंड्यापाशी आला, वाकला, आणि अर्धी वीट त्याच्या कानाच्या वर बसली. आवाज मोठा झाला नाही. तो खाली बसला, जणू बुटाची नाडी बांधायला बसलाय. मग निळ्या जर्सीचा खांदा काळा व्हायला लागला.

आणि सगळ्या गॅलरीत कलिंगडाच्या टोप्या उडाल्या.

शिट्ट्या. पोलिसांनी खाली लाठ्या सावरून रांग धरली. सावलीतल्या खुर्च्या धडाधड मागं पडल्या, माणसं उभी राहिली. मालकही उठले, आणि शमीमही, पर्स छातीशी धरून. देवस्थळी टाय उडवत मैदानात धावले. मी लोकांच्या खांद्यांवरून, डोक्यांवरून, पायांवरून कसाबसा खाली गोलमागच्या जाळीपर्यंत पोचलो आणि जाळीत बोटं घालून ओरडलो, "इलाह्या!"

तो वळला. आयुष्यात एवढी बडबड केली, आणि त्या वेळी एक शब्द सुचेना. मी नुसता जाळीला धरून उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्यामागं वर बघितलं, तिथं शेकड्यानं हात वर आले होते आणि प्रत्येक हातात वीट. मग रोझारियोला झोळीत घालून नेत होते तिकडं बघितलं. मग त्या उलटलेल्या खुर्च्यांकडं. मग हातमोजे नीट ओढून घेऊन तो गोलमध्ये जाऊन उभा राहिला आणि त्यानं रेफरीला हात केला, चालू करा.

रेफरी बिचारा घाबरलेला. त्यानं शिट्टी फुंकली.

चेंडू पिंटूकडं आला, लांब, तीस पावलांवर. पिंटूचंही लक्ष खेळात नव्हतं. त्यानं नुसता ढकलल्यासारखा मारला. चेंडू जमिनीवरून सरपटत, दमलेली म्हैस गोठ्याकडं यावी तसा गोलकडं आला. इलाहीनं झेप घेतली. पूर्ण अंग लांबवून, हात ताणून, अशी देखणी झेप की फोटोवाल्यानं फोटो काढला. चेंडू त्याच्या काखेखालून आत गेला.

माझ्यापासून चार हातांवर. जाळी हलली तेव्हा माझी बोटं हलली.

मागं जो आवाज उठला त्यानं पायऱ्या थरथरल्या. माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि मिठी मारायची तर हात मोकळे लागतात, त्यामुळं विटा पटापट खाली पडल्या, कित्येकांच्या स्वतःच्याच पायावर. गुलाल उडाला. बज्या वरून गडगडत खाली आला, मला उचललं आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"खरं बोललास की लेका! आयुष्यात पयल्यांदा खरं बोललास!"

एक-एक. मॅच संपेपर्यंत एक खडासुद्धा मैदानात पडला नाही. हवालदारांना मागच्या पायऱ्यांवर दोनतीन खरी कलिंगडं सापडली, ती त्यांनी खाल्ली. रोझारियोला सहा टाके पडले, तो वाचला.

सोमवारी चौघांना पत्रं मिळाली. इलाहीला मिळालं नाही.

मंगळवारी मी कंपनीच्या हापिसात गेलो. या वेळी खरोखर गेलो. वॉचमननं अडवलं तर म्हणालो, मालकांचा मेव्हणा आहे. दारात काथ्याचं पायपुसणं होतं. त्यावर पाय पुसले आणि देवस्थळींच्या टेबलापुढं उभा राहिलो.

"साहेब, इलाही गोल सोडणार ही अफवा मी उठवली. तो असं काही बोलला नव्हता. दंगा होऊ नये म्हणून मी थाप मारली."

त्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "खरं सांगताय?"

"आईशपथ. कुणालाही विचारा, मी थापाड्या म्हणून गावात प्रसिद्ध आहे."

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही थाप मारलीत. मानलं मी. मग चेंडू आत कसा गेला?"

मी तोंड उघडलं, पण त्यांनी हातानंच थांबवलं.

"रोझारियोला उचलायला मी खाली आलो होतो. गोलच्या बाजूलाच उभा होतो. तो चेंडू माझ्या आईनं पदरात धरला असता." त्यांनी चष्मा पुसला आणि परत लावला. "इलाही शिकलगारला सांगा, मला वाईट वाटतं. पण मालकांनी तो डोळ्यांनी बघितला, आणि चार हजार लोक तेच म्हणतायत."

ती टीम चौथ्या वर्षी कंपनीनं बंद केली, मालकांचा नाद संपला. चौघे मात्र कारखान्यात टिकले. त्यांतला शेवटचा परवा रिटायर झाला, क्वार्टरमागं त्यानं लावलेला आंबा आता दोन मजले उंच आहे.

पण मी त्या मंगळवारचं सांगतोय. हापिसातनं निघालो तो तडक इलाहीच्या दारात. तो बापाच्या चाकावर बसला होता. पायानं चाक फिरवत एका शिंप्याच्या कात्रीला धार लावत होता, ठिणग्या उडत होत्या. मी शेजारच्या दगडावर बसलो.

"का सोडलास?"

"कोण म्हणतंय सोडला?"

"इलाह्या, मी जाळीला हुतो."

त्यानं कात्री उजेडात धरून बघितली. "दंगा झाला असता तर पाचांची नोकरी गेली असती. ही एकाचीच गेली. आनि त्या रोझारियोचं टकुरं बघितलंस न्हवं? आनखी किती फुटली असती?" मग तो हसला. "वाट तूच दावलीस, दत्त्या. मला बापजन्मात सुचलं नसतं. कॉर्नरला पिंट्या कानात म्हणाला, इलाहीभाई, कदी सोडताय, पब्लिक थांबलंय. म्हटलं, झालं. दत्त्यानं दुकान मांडलंय वाटतं."

तो शिव्या देईल, कात्री फेकून मारेल असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

"शमीमला बोलू नको," तो आवाज खाली आणून म्हणाला. "तिला मी सांगितलंय, खड्डा होता, चेंडू दबला."

शमीम तेवढ्यात दोन कप घेऊन बाहेर आली. माझ्या हातात एक दिला, त्याच्याजवळ एक ठेवला, आणि आत गेली नाही. उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"दत्तूभाऊ, मी लांब होतो, खुर्च्यांकडं. तुमी जाळीला लागून होता. खरं सांगा. ह्यांनी सोडला काय?"

चाक थांबलं. इलाहीनं मान वर केली नाही.

"छे छे वैनी," मी म्हणालो. "खड्डा हुता तिथं. मागच्या आठवड्यात शाळांचं संचलन झालं न्हवं का मैदानात, तंबू ठोकलते. मेखा उपटल्या आनि खड्डे तसंच ठेवले. चेंडू बरोबर त्यात पडला आनि उडायचा तो दबला. गोलकीपर उडणाऱ्या चेंडूला झेप घेतोय, दबलेल्याला काय करील? मी म्हणतो जगातला कुठलाबी गोलकीपर असता तरी फसला असता. ह्याचा काय दोष न्हाई, वैनी. दोष मेखांचा." मी बोलत होतो, सुचेल ते बोलत होतो, मेखा किती होत्या तेही सांगितलं, अकरा.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"केवढा होता खड्डा?"

मी कप खाली ठेवला आणि हातानं दाखवला. ताटलीएवढा. मग लहान वाटला म्हणून हात जरा लांब केले. परातीएवढा.

ती माझ्या हातांकडं बघत राहिली. दोन्ही हात तसेच हवेत, मला ते खाली घेता येईनात.

"आमच्या दोन खोल्या मावल्या की त्यात," ती म्हणाली. "चहा घ्या, निवालाय."